हृदयावरचा वण

(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीनं मला विषय दिला होता ‘एआय आणि आपल्या नोकऱ्या’. खराडीत बसून चोवीस वर्षं कोड लिहिणाऱ्या बाईनं दुसरं काय बोलायचं? पण मी समितीची माफी मागून विषय बदलून घेतलाय. आपल्या ग्रुपवर गेल्या दोन वर्षांत तीन वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे मेसेज पडले. त्यातले दोघं हृदयविकारानं गेले आणि दोघंही पन्नाशीच्या आतले. तिसरी गोष्ट माझ्या घरातली आहे. ती ग्रुपवर आली नाही, कारण माझे बाबा वाचले. आज मी हृदयाच्या स्नायूबद्दल बोलणार आहे. डॉक्टर म्हणून नाही, मी डॉक्टर नाहीच. एक चूक करून बसलेली आणि मग दीड वर्ष त्याबद्दल वाचत राहिलेली मुलगी म्हणून बोलणार आहे.

माझे बाबा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असतील. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, आपल्यातल्या निम्म्यांचे वडील होते तसे. आळंदीहून माउलींची पालखी विश्रांतवाडीत येते त्या दिवशी ते पहाटेच उठतात. वारकऱ्यांना केळी आणि चहा वाटायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. गेल्या वर्षी त्या दिवशी पहाटे साडेपाचला ते म्हणाले, “छातीत जळजळतंय गं, आणि दाढही दुखतेय.” कपाळावर घाम होता. मी म्हटलं, काल रात्री भजी खाल्लीत, अ‍ॅसिडिटी असणार. पाण्यात पुडी विरघळवून दिली. सात वाजता परत विचारलं, तर म्हणाले, “आहे तसंच आहे.” मी म्हटलं, आता आळंदी रोड बंद झाला असेल, पालखी पुढे गेली की जाऊ दवाखान्यात.

हे वाक्य मी अनेकदा मनात उगाळलंय. रस्ता बंद असतो तो आपल्या गाड्यांना. वारीच्या एवढ्या गर्दीतही अँब्युलन्स आली की वारकरी दोन बाजूंना होऊन वाट देतात, हे मी या चौकात लहानपणापासून बघत आलेय. पण मी १०८ ला फोनच केला नाही. पावणेदहाला बाबा खुर्चीत कलंडले. साडेदहाला आम्ही हॉस्पिटलात होतो. म्हणजे पाच तास.

डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी करून बंद पडलेली नस उघडली. दोन दिवसांनी इको झाली. इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के. हा आकडा सोपा आहे. डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, एवढंच तो सांगतो. धडधाकट माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. डॉक्टर म्हणाले, “पुढच्या भिंतीचा मोठा भाग गेलाय.” बाबांनी अगदी साधेपणानं विचारलं, “गेलाय म्हणजे? परत येईल ना?”

डॉक्टर काहीतरी धीराचं बोलले. घरी आल्यावर बाबांनी तोच प्रश्न मला विचारला, “तू इंजिनिअर आहेस, बघ की जरा.”

तर मी बघायला लागले. सुरुवातीला मला कळलं ते असं. हृदयाला रक्त पुरवणारी नस पूर्ण बंद झाली की तिच्यामागचा स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरायला लागतो. तो एकदम मरत नाही. आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मरण सरकत जातं आणि त्याला काही तास लागतात. या काही तासांत नस उघडली तर बाहेरचा थर वाचतो. मोठ्या झटक्यात शंभर कोटींपर्यंत स्नायुपेशी जातात. त्यांच्या जागी शरीर काय भरतं? वण. कोलाजेनचा चिवट पट्टा. तो भिंत फुटू देत नाही, हे त्याचे उपकार. पण तो आकुंचन पावत नाही. दिवसाला लाखभर ठोके द्यायचे आणि एवढी भिंत नुसती उभी. उरलेला स्नायू जास्त काम करतो, ताणला जातो, कप्पा फुगत जातो. हार्ट फेल्युअर म्हणतात ते पुष्कळदा असं हळूहळू येतं.

म्हणजे पहाटे साडेपाच ते साडेदहा या वेळात मी घरात कपडे वाळत घालत होते, तेव्हा आतमध्ये हे चाललं होतं. त्यामुळे स्नायू परत उगवतो का, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता विज्ञानाचा राहिला नव्हता. माझी चूक पुसता येते का, असंच मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शोधत होते.

आणि असं शोधणाऱ्या माणसाला शोधत येणारेही असतात. आठवड्याभरात मला एका क्लिनिकचा फोन आला. नाव सांगत नाही. ‘स्टेम सेलनं हृदयाचा स्नायू पुन्हा तयार होतो, तीन सिटिंग, बाबांचा ईएफ पंचावन्न करून देऊ.’ आकडा कित्येक लाखांचा होता. भाऊ म्हणाला, मी निम्मे पाठवतो. मी फॉर्म भरलासुद्धा. मग ऑफिसातली सवय आडवी आली. एखादा व्हेंडर म्हणाला की आमचं सॉफ्टवेअर चालतं, तर आपण टेस्ट रिपोर्ट मागतो. मी विचारलं, तुमची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतली नोंद सांगा. त्यांनी मला एका काकांचा जिना चढतानाचा व्हिडिओ पाठवला. मी पुन्हा विचारलं, त्यांनी सवलत देऊ केली.

तेव्हा आपल्याकडचे नियम वाचले. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करायचा, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. इथे तर आधी पैसे, आणि चाचणीचा पत्ता नाही. पैसे वाचले. पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी रडले, कारण त्या दहा दिवसांत मी बाबांना ‘होईल काहीतरी’ असं सांगून बसले होते.

या क्लिनिकांच्या बोलण्याला मूळ कुठून मिळालं, तेही सांगायला हवं. २००१ मध्ये अमेरिकेत पिएरो अन्व्हेर्सा यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये दावा केला की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या जखमी हृदयात टोचल्या की नवा स्नायू तयार होतो. पुढे त्यांनी सांगितलं की हृदयात स्वतःच्याच स्टेम सेल असतात. जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. इतर प्रयोगशाळांना मात्र तसे निकाल मिळेनात. शेवटी २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगम हॉस्पिटलनं त्या प्रयोगशाळेतले ३१ शोधनिबंध मागे घ्या, असं नियतकालिकांना कळवलं, त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती आहे म्हणून. सतरा वर्षं! आमच्याकडे चुकीचा कोड प्रॉडक्शनला गेला तर तासाभरात बोंब होते. इथे लोकांच्या हृदयात सुया टोचल्या गेल्या.

मग माणसाच्या हृदयात नवे स्नायू अजिबात होत नाहीत का? होतात, पण किती ते ऐका. हे मोजण्याची युक्ती मला फार आवडली. १९५०-६० च्या दशकांत देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला, आणि १९६३ च्या बंदीनंतर तो उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हाच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएत कायमचा बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर जन्मतारखेचा शिक्काच. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हा शिक्का वाचला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. आयुष्यभराचा हिशेब केला तर निम्म्यासुद्धा बदलत नाहीत. बाबा तेव्हा ७४ वर्षांचे होते. अर्धा टक्का वर्षाला. झटक्यानं केलेलं नुकसान त्यातून कधी भरून निघणार?

आता माशाकडे येते. बाई, तुम्हाला आठवणार नाही, पण नववीत तुम्ही पालीची शेपटी शिकवत असताना मी विचारलं होतं, पालीला शेपटी येते तर आपल्याला बोट का येत नाही? वर्ग हसला होता. तुम्ही म्हणालात, “चांगला प्रश्न आहे, मोठी होऊन शोध.” मोठी होऊन मी पेरोलची सॉफ्टवेअरं लिहिली. पण इतरांनी शोधलं.

झेब्राफिश हा तीन-चार सेंटिमीटरचा, अंगावर निळे पट्टे असलेला आपलाच मासा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत, भातखाचरांत राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. २००२ मध्ये केनेथ पॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा सुमारे पाचवा हिस्सा कापून टाकला. मासा मेला नाही. आधी रक्ताची गुठळी बसली, आणि दोन महिन्यांत तिथे ठोके देणारा स्नायू तयार झाला. वण जवळजवळ नाहीच.

हे नवे स्नायू येतात कुठून? २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की ते कुठल्या गुप्त स्टेम सेलमधून येत नाहीत. जखमेशेजारचीच स्नायुपेशी आपली आकुंचनाची दोरखंडं थोडी सैल करते, विभागते आणि पुन्हा कामाला लागते. चालू सर्व्हर बंद न करता त्यावरच दुरुस्ती करायची, त्यातला हा प्रकार. आमच्या धंद्यात असं काम रात्री करतात आणि देवाचं नाव घेऊन करतात.

आणि हा फक्त माशांचाच मान नाही. २०११ मध्ये अमेरिकेत डल्लासला दिसून आलं की एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचं हृदयाचं टोक कापलं तर तीन आठवड्यांत ते भरून येतं. सात दिवसांच्या पिल्लात येत नाही, वण राहतो. म्हणजे ही विद्या आपल्या सस्तन कुळाला ठाऊक होती आणि जन्मानंतरच्या आठवड्यात ती बंद केली जाते. का, याची कारणं शोधली जातायत. श्वास सुरू झाल्यावर वाढलेला ऑक्सिजन, उष्ण रक्ताच्या प्राण्यांतले थायरॉइडचे हार्मोन, पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होऊन बसणं. मला त्यातून एवढंच कळलं की आपल्या हृदयानं जोरात आणि न थांबता काम करण्याच्या बदल्यात दुरुस्ती सोडून दिली असावी.

आता जी गोष्ट कळल्यावर मी चकित झाले, ती सांगते. याच विषयावर काम आपल्या पुण्यात चालतं. आघारकर संशोधन संस्थेत. ही संस्था आगरकर रस्त्यावर आहे. संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची, रस्ता ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकरांच्या. रिक्षावाल्याला सांगताना एका घ-नं घोटाळा होतो. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती सुरू झाली. गहू, सोयाबीन, द्राक्षाच्या जातींसाठी शेतकऱ्यांना ठाऊक आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी त्या भागात वडापाव खात हिंडले आणि आत काय चालतं ते कधी विचारलं नाही.

तिथे डॉ. चिन्मय पात्रा यांच्या गटानं झेब्राफिशच्या हृदयावर काम केलं. त्यांचा निबंध २०२१ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आला. जर्मनी-अमेरिकेतले सहकारी त्यात आहेत, २००२ चे पॉसही आहेत. माशाच्या हृदयाला इजा झाली की आतल्या अस्तराच्या पेशींत एक जनुक जागं होतं, सीसीएन२ए. त्याच्यापासून बनणारं प्रथिन पेशींच्या बाहेर, त्यांच्यामधल्या जागेत सोडलं जातं. एरवी काय होतं, तर जखमेत आधी नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्या कडेकडेनं स्नायुपेशी आत सरकतात, पालखीमार्गाच्या कडेनं दिंड्या सरकतात तशा. ज्या माशांत हे जनुक बिघडवलं होतं, त्यांत रक्तवाहिन्या ठीक आल्या, पण स्नायुपेशी नीट विभागल्या नाहीत आणि जखमेची जागा त्यांना भरता आली नाही. रस्ता तयार, दिंडी नाही. उलट ज्या माशांत हे प्रथिन जास्त तयार करवलं, त्यांत स्नायुपेशी जास्त विभागल्या आणि तात्पुरता साठलेला कोलाजेनही चांगला विरघळला.

गंमत पुढेच आहे. हेच जनुक आपल्यातही आहे, आणि माणसांच्या वैद्यकात त्याची ख्याती वाईट आहे. अवयवात वण धरवणारं म्हणून ते ओळखलं जातं. माशात तेच दुरुस्तीच्या बाजूनं. म्हणजे तो मासा आहे म्हणून ‘चांगली’ जनुकं आणि आपण माणसं म्हणून ‘वाईट’, असा हिशेब नाही. कुठल्या पेशीनं, कधी, किती वेळ आणि कुणाच्या संगतीत, यावर सगळं ठरतं. म्हणून त्याची गोळी करून बाबांना देता येत नाही. जाता जाता, आमच्या धंद्यातल्यांसाठी: याच गटानं २०२३ मध्ये दाखवलं की हेच प्रथिन माशाच्या मणक्यांमधल्या चकतीची झीजही भरून काढायला लागतं. ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

घाई केली तर काय होतं, याचं उदाहरण डुकरांचं आहे. २०१९ मध्ये एका युरोपीय गटानं झटका आलेल्या डुकरांच्या हृदयात एक सूक्ष्म आरएनए तयार होईल अशी व्यवस्था केली. महिन्याभरात वण लहान झाला, हृदयाचं काम सुधारलं. संशोधक खूश असणार. मग बहुतेक उपचारित डुकरं एकाएकी मेली. पेशी विभागत राहिल्या, पक्व झाल्या नाहीत, आणि त्या कच्च्या पेशींमुळे ठोक्याची लय बिघडली. हृदयात नुसता स्नायू वाढवून चालत नाही, त्यानं शेजाऱ्याबरोबर एका तालात आकुंचन पावावं लागतं.

दुसरी वाट प्रयोगशाळेत स्नायू तयार करून लावण्याची आहे. जर्मनीत ग्योटिंगेनच्या गटानं स्टेम सेलपासून बनवलेली स्नायूची ठिगळं हृदयावर शिवायची चाचणी सुरू केलीय. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी एका ४६ वर्षांच्या बाईंबद्दल लिहिलं. आपल्याच वयाची. त्यांना दहा ठिगळं, ४० कोटी पेशींची, लावली होती. तीन महिन्यांनी त्यांना दुसरं हृदय मिळालं, तेव्हा काढलेल्या हृदयावर ती ठिगळं तगलेली दिसली. ही रीतसर चाचणी आहे. मला फोन करून कुणी तिची सवलत दिली नाही.

बाबांना हे सगळं मी सांगितलं. सांगायला सहा महिने लावले, तेही खरं. गेल्या इकोत त्यांचा ईएफ ४२ आला. मामा म्हणाले, “बघ, स्नायू वाढला!” तसं नाही. झटक्यात काही स्नायू मरतो आणि काही नुसता बधिर होतो. रक्त परत आलं की बधिर झालेला काही आठवड्यांत कामाला लागतो. शिवाय गोळ्यांनी हृदयावरचा ताण कमी होतो. वण आहे तिथेच आहे. मी बाबांना हेही सांगितलं की त्या दिवशी सात वाजता मी फोन केला असता तर तो वण लहान असता. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मलाही केळी वाटायला जायचं होतं, मीही तुला काही बोललो नाही.” या वर्षी पालखीला ते खुर्ची टाकून बसले होते, केळी नातवानं वाटली. गोळ्या वेळेवर घेतात. सध्या एकच तक्रार आहे, मीठ कमी.

म्हणून मला तुमच्याकडून एक तास हवाय. छाती आवळल्यासारखी वाटणं, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, दम लागणं, गार घाम, विचित्र थकवा, यातलं काही काही मिनिटांत जात नसेल तर पुडी घोळू नका, १०८ ला फोन करा. बायकांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, तेव्हा मैत्रिणींनो, ‘पोळ्या झाल्या की बघू’ नको. आणि माणूस कोसळला, हाक मारून उठेना, श्वास नीट चालेना, तर अँब्युलन्स येईपर्यंत काय करायचं ते हातानं शिकावं लागतं. आपल्या बॅचची डॉक्टर मैत्रीण छाती दाबून दाखवायचा पुतळा घेऊन आलीय. जेवण झाल्यावर अडीच वाजता, आपल्या जुन्या दहावी ‘ब’च्या वर्गात. बाकं मुलांनी आधी सरकवून ठेवायची आहेत, पूर्वीसारखी टाळाटाळ करू नका. पुतळा एकच आहे, त्यामुळे पाच-पाच जणांच्या तुकड्या करतोय. बाई, पहिल्या तुकडीत तुम्ही.